पोलिसाची खात्री

१७९० साली मुंबई बेटावरच्या पोलिसांचा प्रमुख जेम्स टॉड याच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालला आणि त्याला पदावरून काढण्यात आले. पुढच्याच वर्षी, १७९१ च्या ऑगस्टअखेर, पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याला जमावाने दगडांनी ठेचून मारले. तेलंगणातून आलेल्या ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी एका अरुंद जागेत कोंडले होते आणि त्यांतले वीसएक जण गुदमरून मेले होते. घाशीरामाचा अपराध टॉडच्या अपराधाहून कितीतरी भयंकर, यात वाद नाही. पण या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उघडी पडते. राखणीसाठी नेमलेल्या माणसानेच घात केला, तेव्हा एका शहराने त्याला न्यायासनापुढे उभे केले आणि दुसऱ्याने जमावाच्या स्वाधीन केले. त्या दिवशी पुण्यात दगड उचललेल्या प्रत्येकाला घाशीराम दोषी असल्याची पक्की खात्री होती, आणि ती बहुधा खोटीही नव्हती. आदल्या दिवसापर्यंत घाशीरामालाही अशाच खात्रीने कुणाला कोंडावे, कुणाला फटके मारावेत हे कळत होते. म्हणून प्रश्न असा पडतो की आपल्याला सत्य कळले आहे, अशी ज्याची मनोमन खात्री पटली आहे, त्याला केवळ त्या खात्रीच्या जोरावर दुसऱ्या माणसाला शिक्षा देण्याचा अधिकार पोचतो का?

हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, नीतिशास्त्राचा आहे, आणि रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पोलीस ठाण्यातही तो उभा असतो. माझे उत्तर असे की हा अधिकार कुणालाच पोचत नाही, आणि पोलिसाला तर इतरांहूनही कमी पोचतो. गुन्हेगाराच्या सगळ्यात जवळ पोलीस असतो. प्रेत तो पाहतो, रडणारी आई तो पाहतो, आरोपीच्या डोळ्यांतला बेदरकारपणाही तोच पाहतो. त्यामुळे त्याची खात्री इतरांपेक्षा लवकर होते आणि इतरांपेक्षा जास्त जळजळीत असते. मग त्यानेच निकाल का लावू नये, असे विचारले जाते. मला नेमके उलटे वाटते. ही जवळीक त्याला शोधासाठी लायक करते आणि निकालासाठी नालायक. महाराष्ट्र पोलिसांनी ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद घेतले आहे. सज्जन कोण आणि खल कोण हे ठरवायचे कुणी, याचा उच्चार त्या ब्रीदात नाही. मुंबईच्या पोलिसांचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेला आहे आणि ते उत्तर अनेकदा सापडून हरवले आहे.

आपल्या परंपरेला हा प्रश्न ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. ऋषी आश्रमाच्या दाराशी मौन धरून तप करत आहेत. मागे राजाचे रक्षक लागलेले चोर लूट घेऊन आश्रमात शिरतात आणि लपतात. रक्षक येतात, ऋषींना विचारतात, उत्तर मिळत नाही. झडतीत माल सापडतो, चोर सापडतात. रक्षकांच्या दृष्टीने आणखी कोणता पुरावा हवा? मालही आहे, चोरही आहेत, आणि विचारले तर हा माणूस तोंड उघडत नाही. त्यांची खात्री प्रामाणिक होती. राजानेही तीच उचलली, वेगळी चौकशी केली नाही आणि ऋषींना चोरांबरोबर सुळावर दिले. तपाच्या बळावर मांडव्य मरत नाहीत. सत्य कळल्यावर राजा पाय धरतो, पण शरीरात शिरलेला सूळ काही निघत नाही, तो बाहेरून कापावा लागतो. आत राहिलेल्या टोकामुळे त्यांना अणिमांडव्य म्हणू लागले. कथा इथेच थांबत नाही. ऋषी थेट धर्माकडे जातात आणि हे कशाचे फळ म्हणून विचारतात. लहानपणी किड्यांना गवताची काडी टोचलीस त्याचे, असे धर्म सांगतो. एवढ्याशा दोषाला एवढी शिक्षा दिलीस म्हणून ऋषी प्रत्यक्ष धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप देतात, आणि धर्म विदुर होऊन जन्माला येतो. चुकीचा दंड देणारा साक्षात धर्म असला तरी तो जबाबदारीतून सुटत नाही, असे सांगणारी ही कथा जगातल्या कोणत्याही दंडनीतीला अभिमान वाटावा अशी आहे.

या कथेचा पुढचा प्रवास त्याहून बोलका आहे. कौटिल्य हा कोमल मनाचा लेखक नव्हता. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात, कंटकशोधनात, तो आरोपीच्या छळाचे प्रकार निर्विकारपणे मांडतो. पण त्याच प्रकरणात तो मांडव्याची आठवण काढतो. चोर नसलेला माणूसही यातनांच्या भीतीने आपण चोर आहोत असे कबूल करतो, जसे मांडव्याने केले, म्हणून पुरावा पूर्ण झाल्यावरच शिक्षा द्यावी, असा त्याचा आशय आहे. महाभारतातला मांडव्य मौनात होता, कौटिल्याचा मांडव्य भीतीने बोलतो. पाठ वेगळा असला तरी धडा एकच आहे. राज्य टिकवण्यापलीकडे कशाचीही फिकीर नसलेल्या या शास्त्रकाराला हेही दिसले होते की राखणदाराची खात्री आणि अपराधाची सिद्धी या दोन गोष्टी एक नव्हेत. कालिदासाने शाकुंतलाच्या सहाव्या अंकात हेच रंगमंचावर आणले. राजमुद्रेची अंगठी जवळ सापडली म्हणून नगररक्षक कोळ्याला बडवत आणतात, त्याला मारण्यासाठी त्यांचे हात शिवशिवत असतात, आणि तो निरपराध ठरून त्याला राजाकडून बक्षीस मिळताच तेच रक्षक त्याच्याबरोबर दारूच्या दुकानाकडे निघतात. प्रेक्षक तेव्हाही हसले असतील, पण रक्षकांच्या त्या खात्रीची किंमत त्यांना नक्की कळली असेल.

आता मुंबईकडे येऊ. सतराव्या शतकात गव्हर्नर ऑंजिये याच्या काळात बेटाच्या राखणीसाठी भंडारी जवानांची पथके उभी राहिली. त्यांच्यापासून या दलाचा इतिहास मोजला जातो. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ म्हणजे १७९३ नंतरची दोन दशके. तेव्हा शहराचा पोलीस सुपरिटेंडेंट आणि त्याचे सहकारी दंडाधिकारी पकडायचे, चौकशी करायचे आणि तिथेच शिक्षाही फर्मावायचे. फटके, बेड्या घालून सार्वजनिक कामावर सक्तमजुरी, बेटावरून हद्दपारी, सारे एकाच खोलीत उरकले जाई. १८०४ ते १८११ या काळात मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे तिथला वरिष्ठ न्यायाधीश असलेल्या सर जेम्स मॅकिंटॉशने या कारभाराची कागदपत्रे तपासली आणि त्याला आढळले की ज्या नियमांखाली या शिक्षा दिल्या गेल्या ते कायद्याने आवश्यक अशा रीतीने कधी नोंदवलेच गेले नव्हते. म्हणजे कितीतरी माणसे बेकायदा फटके खाऊन आणि बेड्या वागवून मोकळी झाली होती. शिक्षा देणारे हात बहुतेक वेळा क्रूर नव्हते. त्यांना आपण शहर स्वच्छ करतो आहोत असे वाटत होते. पकडणारा आणि निवाडा करणारा एकच असला की चूक सांगणारे कुणी उरत नाही. मग चूक वर्षानुवर्षे चालते आणि तिला शिस्त असे नाव मिळते. याच सुमाराला, १८१० मध्ये, सुपरिटेंडेंटच्या खुर्चीतल्या दुसऱ्या अधिकाऱ्यावरही भ्रष्टाचाराचा खटला झाला. अनिर्बंध अधिकार आणि लाच एकाच दाराने आत येतात, हे त्या दोन दशकांनी दाखवून दिले.

चार्ल्स फोर्जेटचा दाखला याहून गुंतागुंतीचा आहे आणि म्हणून जास्त मोलाचा. १८५५ पासून मुंबईचे पोलीस सांभाळणारा हा माणूस हिंदुस्थानातच वाढलेला, देशी भाषा सफाईने बोलणारा आणि वेषांतर करून वस्त्यांतून फिरणारा होता. १८५७ मध्ये त्याने पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब उभारला, संशयित मंडळींना बोलावले आणि खांबाकडे बोट दाखवून ताकीद दिली. दिवाळीत उठाव करण्याचा शिपायांचा बेत त्याला कळला. सोनापूरजवळ गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरात भरणाऱ्या बैठकी त्याने भिंतीला कान लावून ऐकल्या. पण लष्करी अधिकारी आपल्या शिपायांवर असा संशय घ्यायला तयार नव्हते, म्हणून त्याला त्यांच्यापैकी एकाला वेषांतर करून त्याच भिंतीपाशी न्यावे लागले. एवढ्या धाडसी पोलिसालाही आपल्या एकट्याच्या कानांवर जगाने विश्वास ठेवावा असे म्हणता आले नाही. पुढे लष्करी न्यायालयासमोर घाईने खटला झाला आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेड मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन सैनिकांना तोफांच्या तोंडी दिले गेले. फोर्जेटची माहिती खरी होती. तरीही आज आपण त्या दोघांना हुतात्मे मानतो आणि फोर्जेटला परकीय सत्तेचा हस्तक. म्हणजे घटना काय घडली याची खात्री अगदी बिनचूक असली तरी त्या माणसाला दुर्जन ठरवण्याचा प्रश्न सुटत नाही. तो दुसरा निवाडा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांनी, उघड्यावर करायचा असतो, आणि तोही घाईने केला तर काय होते हे त्या मैदानाने पाहिले आहे.

पोलिसाच्या खात्रीवरच्या या अविश्वासाला पुढे इंग्रजांच्याच कायद्याने ठाम रूप दिले. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही असे ठरवले. मांडव्याबद्दल कौटिल्याने जे लिहिले ते दोन हजार वर्षांनी कलम होऊन आले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. मधल्या काळात महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का कायदा केला आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य धरण्याची मुभा दिली. टोळ्यांनी शहर वेठीला धरले होते, म्हणून हा अपवाद समजण्यासारखा होता. पण ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्याचे काय झाले ते पाहा. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी धरले, त्यांतल्या पाच जणांना फाशी ठोठावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळ करून घेतले गेले आणि एकमेकांशी संशयास्पद रीतीने मिळतेजुळते आहेत, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. अंतिम निकाल काहीही लागो, एक नुकसान आताच होऊन बसले आहे. एकोणीस वर्षांनंतरही त्या गाड्यांतल्या मृतांच्या घरच्यांना आपली माणसे कुणी मारली हे ठामपणे सांगता येत नाही. खात्रीने पुराव्याची जागा घेतली की सगळ्यात मोठी फसवणूक पीडिताचीच होते.

आता त्या शब्दाकडे वळायला हवे ज्याने मुंबई पोलिसांची कीर्ती आणि बदनामी दोन्ही वाढवल्या. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, तेव्हापासून शहराने ‘एन्काउंटर’ हा शब्द आपलासा केला. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी झाल्या आणि त्यांत १३५ माणसे मेली. त्यांच्या चौकशीसाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्यांतले बरेच जण खुनी, खंडणीखोर होते यात शंका नाही. पण १९९७ मधल्या एका प्रकरणात मेलेला माणूस कोण होता यावरच वाद झाला. पोलीस म्हणाले तो टोळीतला नेमबाज होता, घरचे म्हणाले तो शेंगदाणे विकणारा होता. सत्र न्यायाधीशांच्या चौकशीत ती चकमक खोटी ठरली, पण उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हा निष्कर्ष मान्य केला नाही. कोण खरे, यावर इथे निवाडा करण्याचा माझा इरादा नाही. मुद्दा असा की ज्या एका माणसाला नाव विचारता आले असते तो बोलायला उरलाच नव्हता. मांडव्य निदान सुळावर जिवंत होता.

आणि जिथे सत्य बाहेर आले तिथे ते किती सायासाने आले? ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचलले गेले. त्याच्या वकील भावाने काही तासांत अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवून भावाला पोलिसांनी नेल्याचे कळवले. त्याच रात्री वर्सोव्यात चकमकीत तो ठार झाल्याचे सांगितले गेले. भाऊ वर्षानुवर्षे लढला. त्याच्याबरोबर उचलला गेलेला महत्त्वाचा साक्षीदार २०११ मध्ये साक्षीआधी बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह मिळाला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी धरले आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांची जन्मठेप कायम केली. ज्यांच्या घरात वकील नाही, तारा पाठवणारा भाऊ नाही, त्यांचे काय झाले असेल हा विचार मनातून काढून टाकता येत नाही.

या सगळ्यावर जे उत्तर दिले जाते ते हलके नाही आणि त्याला हलकेपणाने झटकता येणार नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत बिल्डर, चित्रपट निर्माते, हॉटेलमालक दिवसाढवळ्या गोळ्यांनी मारले जात होते. साक्षीदार फितवले जात किंवा संपवले जात. खटले पंधरा-वीस वर्षे लांबत आणि गुंड जामिनावर सुटून पुन्हा खंडणीचा फोन करत. अशा वेळी हात बांधून बसणारा पोलीस सज्जनांचे रक्षण कसे करणार? शांतिपर्वात हा वाद जवळजवळ याच शब्दांत झाला आहे. राजा द्युमत्सेन म्हणतो की दरोडेखोरांना मारले नाही तर मर्यादाच उरणार नाही, लोकव्यवहार मोडून पडेल. त्याचा मुलगा सत्यवान, सावित्रीचा पती, त्याला विरोध करतो. एका दरोडेखोराला मारताना त्याची निरपराध पत्नी, आई, बाप आणि मुले यांनाही राजा मारत असतो, हे लक्षात घ्या, असे तो बजावतो. दुष्टालाही पुढे शील लाभू शकते, दुष्टाच्या पोटी चांगली संतती येऊ शकते. महाभारत द्युमत्सेनालाही बोलू देते, त्याचे म्हणणे दाबत नाही, आणि हाच त्याचा मोठेपणा आहे. पण लक्षात घ्या, हा वाद राजदरबारात चालला आहे, दोन्ही बाजू ऐकल्या जात आहेत. रात्रीच्या अंधारात, गाडी थांबवून, एकट्या शिपायाने आपल्या मनाशी हा निकाल लावावा असे द्युमत्सेनही म्हणत नाही.

शिवाय चकमकींनी टोळ्या मोडल्या हे विधान जितके सर्रास केले जाते तितके ते सिद्ध झालेले नाही. मोठे म्होरके आधीच परदेशात पळाले होते, मोक्काने जामिनाचे दार अरुंद केले होते, गिरण्या बंद पडून शहराचे सारे अर्थकारणच पालटत होते. टोळ्या नरमल्या त्यात गोळीचा वाटा किती हे वेगळे काढून कुणी दाखवलेले नाही. समजा तो वाटा मोठा होता असे मानले, तरी त्याची किंमत पोलीस दलानेच मोजली. निकाल देण्याची सवय लागलेल्या हाताला कुणाच्या सांगण्यावरून निकाल द्यायचा हे विचारणारे कुणी राहिले नाही. प्रतिस्पर्धी टोळीच्या टिपेवर माणसे मारल्याचे आरोप झाले, लखनभैयाच्या प्रकरणात तर ही हत्या सुपारी घेऊन झाल्याचे सरकारी पक्षाने न्यायालयात मांडले. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दंडाचे माहात्म्य भरपूर आहे, सारे झोपले असताना दंड जागा असतो असे म्हटले आहे. दंडाचे समर्थक एवढेच वाचतात आणि थांबतात. त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की धर्मापासून ढळलेल्या राजाला तोच दंड त्याच्या बांधवांसकट नष्ट करतो. मुंबईच्या ज्या अधिकाऱ्यांची नावे एके काळी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर कौतुकाने छापून येत होती, त्यांच्यातले काही पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

दुसरा आक्षेप गीतेच्या नावाने घेतला जातो. दुष्टांचा विनाश हा अवतारकार्याचा भाग असेल तर खाकी वर्दीतल्या क्षत्रियाने तो का करू नये? याचे सरळ उत्तर असे की अवताराला सर्वज्ञता आहे, इन्स्पेक्टरला ती नाही. कुरुक्षेत्रावर दोन सेना समोरासमोर शंख फुंकून उभ्या होत्या, त्याआधी शिष्टाई होऊन फसली होती, आणि पोलिसासमोरचा माणूस तर परक्या सेनेतला नसून त्याच राज्याचा नागरिक असतो. पण मला गीतेचाच आधार दुसऱ्या बाजूने घ्यावासा वाटतो. कर्तव्य करावे आणि फळावर हक्क सांगू नये, ही शिकवण पोलिसाइतकी नेमकी कुणालाच लागू पडत नाही. शोध घेणे, पकडणे, पुरावा जपणे, साक्षीदाराला सांभाळणे हे त्याचे कर्म. दोषसिद्धी हे फळ, आणि ते न्यायालयाच्या हाती. जिवावर उदार होऊन पकडलेला माणूस पुराव्याअभावी सुटला तरी दुसऱ्या दिवशी त्याच निष्ठेने कामावर जायचे, यासाठी साधकाला लागते तसले मन लागते. हे मागणे कठीण आहे. चार भिंतींच्या आत रोज घडणाऱ्या या त्यागाला आपल्या समाजाने अजून पुण्याईचे स्थान दिलेले नाही आणि हा आपला मोठा दोष आहे.

खात्री नेहमी गुन्हेगाराच्या जवळ गेल्यामुळेच येते असेही नाही. ती आपल्या माणसांतून, अफवांतून, लहानपणी कानावर पडलेल्या गोष्टींतूनही येते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात ३१ पोलिसांवर ठपका ठेवला आणि दलातल्या काहींचा मुसलमानांविरुद्धचा पूर्वग्रह स्पष्ट शब्दांत नोंदवला. त्या दिवसांत बंदूक रोखणाऱ्या त्या पोलिसांनाही समोर खल उभा आहे अशी खात्रीच वाटत होती. त्यांना कुणी खोटे बोला म्हणून सांगितले नव्हते. आतून येणारा विश्वास आणि आतून येणारा द्वेष यांतला फरक माणसाला स्वतःला कळत नाही, म्हणूनच तो फरक करणारा दुसरा कुणी हवा.

या दलाची सर्वांत उंच जागा मात्र याच शहराने २६ नोव्हेंबर २००८ च्या अतिरेकी हल्ल्याच्या रात्री पाहिली. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात काठी घेऊन अतिरेकी अजमल कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला जिवंत पकडले. त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले. साळसकर चकमकींसाठी प्रसिद्ध होते, त्यांच्या चकमकींबद्दल प्रश्नही विचारले गेले होते. तरीही त्या रात्री त्यांनी शहरासाठी प्राण दिले हे सत्य कुणाला पुसता येणार नाही, आणि माझ्या मते पुसू नये. समोरून गोळी येत असताना पोलिसाने गोळी झाडणे हे त्याचे कर्तव्य आहे, त्याबद्दल या लेखात कुठेही वाद नाही. वाद आहे तो माणूस हाती आल्यानंतरचा. कसाब हाती आला आणि त्याला मारून टाकले गेले नाही. ज्याचा अपराध लाखोंनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता, त्याचाही खटला चालला. ६ मे २०१० रोजी न्यायाधीश तहलियानी यांनी फाशी सुनावली, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांनी ती तपासून कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. या खर्चाबद्दल आणि वेळेबद्दल तेव्हा पुष्कळ त्रागा झाला. पण त्याच खटल्यात कटात सामील म्हणून उभे केलेले दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला म्हणून दाखवलेला नकाशा रक्ताचा एक डागही न लागता कसा राहिला, असा प्रश्न न्यायालयाने विचारला. आपल्या सर्वांत शूर रात्रीनंतर, सर्वांत संतप्त काळात, याच दलाची खात्री दोन माणसांबाबत पुराव्याला उतरली नाही. त्या रात्रीच्या रागात निकाल पोलिसांच्या हाती दिला असता, तर कसाबबरोबर त्या दोघांचाही जीव गेला असता.

शिपायाकडून एवढ्या संयमाची अपेक्षा करताना त्याला आपण काय देतो हाही प्रश्न आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांनी आपल्या हालअपेष्टांसाठी बंड केले तेव्हा लष्कर बोलवावे लागले. आठ तासांची पाळी देऊन पाहण्याचा प्रयोग देवनार ठाण्यात सुरू झाला तो २०१६ मध्ये, तोही एका शिपायाने मांडलेल्या योजनेवरून. बारा-बारा तास उभ्या असलेल्या, पुरावा गोळा करायचे साधन आणि वेळ हाती नसलेल्या माणसाला झटपट निकालाचा मोह होणार. म्हणून तपास आणि बंदोबस्त वेगवेगळे करा हा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश कागदावरून उतरला पाहिजे. संयमाचे तत्त्वज्ञान शिपायाला ऐकवायचे आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला अहवाल त्याला वर्षभर द्यायचा नाही, हा अन्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने त्या ९९ चकमकींच्या याचिकेवर २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला आणि प्रत्येक चकमकीच्या चौकशीचे नियम घालून दिले. त्यांतला एक नियम असा की चकमकीनंतर लगेच कुणालाही बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही, शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत थांबायचे. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी ठाणे जिल्ह्यात पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि लोकांनी आनंदाने पेढे वाटले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले. त्या लहान मुलींच्या बाबतीत जे घडले त्याबद्दल संताप न येणारा माणूस दगडाचा म्हणावा लागेल. पण त्या आरोपीपुरता खटला तिथेच मिटला. त्याने काय केले, आणखी कुणाला काय ठाऊक होते, हे न्यायालयात त्याच्या तोंडून कधीच वदवले जाणार नाही. पदक देण्याआधी थांबा असे न्यायालयाने सरकारला सांगितले आहे. पेढे वाटण्याआधी थांबा असे आपल्याला कुणी सांगितलेले नाही, ते आपणच आपल्याला सांगायचे आहे. पुढच्या वेळी चकमकीची बातमी येईल तेव्हा चौकशीचा अहवाल मागा, आणि त्याच आवाजात तपासासाठी माणसे आणि प्रयोगशाळाही मागा.